जुनी नाव : डागडुजी की नवी खरेदी ?

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील खारबाव हे गाव आज दिवा-वसई लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून ओळखले जाते. तथापि या परिसराची जुनी ओळख पाण्याशी निगडित आहे. गावाच्या नावातील ‘खार’ हा शब्दच भरतीच्या पाण्याची, खाजणाची आणि बांध घालून राखलेल्या भातशेतीची आठवण देतो. उल्हास नदी कल्याणकडून वाहत येऊन ठाण्याच्या उत्तरेस वसईच्या खाडीचे रूप घेते. या खाडीच्या उत्तर काठावर भिवंडी तालुक्यातील गावे वसली आहेत, तर दक्षिण काठावर घोडबंदरचा रस्ता आहे. मासेमारी, रेतीची वाहतूक आणि काठाकाठाने होणारी ये-जा या सर्व व्यवहारांत येथील आगरी, कोळी व अन्य कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या नावेचा आधार मिळत आला आहे.

नाव ही खाडीकाठची मोठी मालमत्ता होय. ती एखाद्या कुटुंबाची असो, सहकारी संस्थेची असो वा ग्रामपंचायतीची असो, पंधरा-वीस वर्षांच्या वापरानंतर एक प्रश्न हमखास उभा राहतो. जुन्या नावेवर आणखी पैसा खर्च करावा, की ती मोडीत काढून नवी घ्यावी ? हा निर्णय बहुधा घाईत होतो. एक फळी फुटते, हंगाम तोंडावर आलेला असतो आणि सुतार जे सांगेल त्याला मान डोलावली जाते. मागाहून खर्च वाढत जातो आणि ‘चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला’ असा अनुभव येतो. याउलट, केवळ रंग उडाला म्हणून सांगाडा शाबूत असलेली नाव कवडीमोलाने विकून कर्ज डोक्यावर घेतल्याचीही उदाहरणे आढळतात. दोन्ही प्रकारांत नुकसान होते. नाव प्रवाशांसाठी असेल तर चुकीच्या निर्णयाची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार कसा करावा, याची माहिती पंचायत सदस्य, संस्थाचालक आणि शिक्षक यांना असणे अगत्याचे आहे.

नौकाबांधणीची परंपरा

कल्याण-भिवंडीच्या खाडीला नौकाबांधणीचा मोठा वारसा लाभला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली आणि स्वराज्याला समुद्राकडे जाण्याची वाट मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांत या खाडीत लढाऊ गलबते बांधली जात होती, असे पोर्तुगीज कागदपत्रांवरून दिसते. आरंभी या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. पुढे ते काम सोडून गेले, परंतु बांधणी थांबली नाही.

नौकेसाठी लाकूड किती विचारपूर्वक वापरावे, याचा उत्तम दाखला अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात मिळतो. आरमारासाठी राज्याच्या अरण्यातील साग परवानगीने तोडावा. रयतेच्या आंबा, फणस आदी झाडांना हात लावू नये, कारण ती लेकरांप्रमाणे जपून बहुत काळाने वाढलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल तरच मालकाच्या राजीखुशीने, मोबदला देऊन ते घ्यावे, असा त्याचा आशय आहे. चालते ते राखावे, जीर्ण झाले ते पारखून मगच तोडावे, हा विवेक झाडाला लागू होतो तसाच त्यापासून बनलेल्या नावेलाही लागू होतो.

नाव जुनी होते म्हणजे काय होते ?

नावेचे वय वर्षांत मोजण्याची आपली सवय आहे. परंतु दहा वर्षांची नाव निकामी झालेली असू शकते आणि तीस वर्षांची नाव ठणठणीत असू शकते. लाकडी नावेला प्रामुख्याने तीन शत्रू असतात : कुज, लाकूड पोखरणारा जीव आणि गंज.

कुज ही बुरशीमुळे लागते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी राहिला, तर ही बुरशी वाढू शकत नाही. अनेकांचा असा समज असतो की, नाव खाऱ्या पाण्याने कुजते. वास्तविक खारे पाणी कुजीला काहीसा अटकावच करते. नाव कुजते ती मुख्यतः पावसाच्या गोड्या पाण्याने. तळाशी साचलेले, वाकांच्या म्हणजे बरगड्यांसारख्या आडव्या लाकडांच्या सांध्यांत मुरलेले आणि वाऱ्याअभावी न सुकलेले पाणी लाकूड आतून पोकळ करते. पावसाळ्यात नाव काठावर ओढून नीट शाकारण्याची कोकणातील प्रथा याच कारणाने मोलाची आहे. मात्र शाकारताना झाप किंवा प्लास्टिकचे कापड असे घालावे की, पाणी आत येणार नाही, पण वारा दोन्ही टोकांनी खेळता राहील. गच्च झाकलेली नाव उघड्या नावेइतकीच लवकर कुजते.

दुसरा शत्रू म्हणजे टेरेडो. याला किडा म्हणत असले तरी तो शिंपल्यांच्या वर्गातील जीव आहे. लहानपणी तो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून लाकडात शिरतो आणि आत राहूनच वाढतो. परिणामी बाहेरून फळी गुळगुळीत दिसते व आतून तिची चाळण झालेली असते. या जीवाला खारे पाणी लागते. वसईच्या खाडीत पावसाळ्यात उल्हास व तिच्या उपनद्यांचे गोडे पाणी लोटते, तेव्हा त्याचा जोर ओसरतो. हिवाळा व उन्हाळ्यात खारेपणा आत सरकतो, तसा त्याचा उपद्रव वाढतो. यावरून खाडीतील नावेचे दुखणे कसे दुहेरी असते, ते ध्यानात येईल. पावसाळ्यात ती आतून कुजते आणि उन्हाळ्यात बाहेरून पोखरली जाते. नाव ठराविक मुदतीने कोरडी करणे, तळावरील शिंपांचा थर खरवडणे, तळाला शेक देणे आणि तेल वा संरक्षक रंगाचा हात देणे, हे जुने उपाय या दोन्ही शत्रूंविरुद्ध उपयोगी पडतात.

तिसरा शत्रू गंज. लोखंडी खिळा खाऱ्या ओलाव्यात गंजतो तेव्हा तो झिजतो आणि गंजाचा थर फुगून भोवतालचे लाकूडही फाडतो. फळी चांगली, पण तिला धरून ठेवणारा खिळाच उरलेला नाही, अशी अवस्था जुन्या नावांत नेहमी आढळते. तांब्याचे खिळे दीर्घकाळ टिकतात. मात्र तांबे आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून असतील, तर लोखंड अधिक वेगाने झिजते. म्हणून दुरुस्तीच्या वेळी हाताला येईल तो खिळा ठोकणे हे नावेचे आयुष्य कमी करण्यासारखेच आहे.

तपासणी कशी करावी ?

निर्णय घेण्यापूर्वी नाव पाण्याबाहेर काढून पाहणे अत्यावश्यक आहे. त्यासाठी खाडीचे वेळापत्रकच उपयोगी पडते. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला नाव काठावर जितकी वर घेता येईल तितकी घ्यावी आणि दोन्ही बाजूंनी टेकू द्यावेत. पुढे अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी तेथवर पोहोचत नाही आणि तळ कोरडा राहून आठवडाभर तपासणीस अवधी मिळतो.

प्रथम पठाण, म्हणजे नावेच्या तळाचे मधोमध जाणारे मुख्य लाकूड पाहावे. नाळेपासून वरांडीपर्यंत एक दोरी ताणून धरली, तर पठाण सरळ आहे की नाही ते कळते. जुन्या नावेची दोन्ही टोके खाली झुकून मधला भाग वर उचलला गेला असेल, तर सांगाड्याची पकड सुटली आहे, असे समजावे. त्यानंतर लाकडी हातोडीने प्रत्येक फळीवर ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते. कुजलेले वा पोखरलेले लाकूड बद्द आवाज देते. संशय येईल तेथे टोच्या खुपसून पाहावा. तो सहज आत गेला तर फळीचा तो भाग गेला. पठाणाला लागून असलेली पहिली फळी, इंजिनाखालचे लाकूड, सुकाणूजवळचा सांधा आणि पाण्याच्या रेषेलगतचा पट्टा या चार जागा विशेष बारकाईने तपासाव्यात.

एवढ्यावर न थांबता निरनिराळ्या ठिकाणचे पाच-सहा खिळे उपसून पाहावेत. खिळा मध्येच बारीक झालेला, सुईसारखा निघाला, तर उरलेले खिळेही त्याच वाटेवर आहेत. इंजिनाची तपासणी स्वतंत्रपणे करावी. नावेचा सांगाडा आणि इंजिन यांची आयुष्ये वेगवेगळी असतात. बंद पडणाऱ्या इंजिनामुळे चांगली नाव मोडीत काढणे जसे चुकीचे, तसेच नव्या इंजिनाच्या भरवशावर जीर्ण नाव पाण्यात लोटणेही धोक्याचे.

या तपासणीतून नावेची तीनपैकी एका वर्गात गणना करता येते. पठाण व वाक शाबूत आणि फक्त काही फळ्या, फटींतील भरण व रंग यांचे काम असेल, तर दुरुस्ती हा स्वाभाविक मार्ग आहे. पठाण सरळ, पण अनेक वाक व निम्म्याहून अधिक खिळे गेलेले असतील, तर हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. पठाणच वाकलेले, कुजलेले वा पोखरलेले असेल, तर दुरुस्ती म्हणजे जुन्या नावाने नवी नाव बांधण्यासारखेच होय. अशा वेळी दुरुस्तीचा मोह टाळावा.

हिशेबाची रीत

दुरुस्तीचा खर्च नव्या नावेच्या किमतीपेक्षा कमी असतो, म्हणून दुरुस्ती स्वस्त, हा युक्तिवाद अपुरा आहे. खरी तुलना ‘वर्षाला किती पडते’ या आकड्याची असते. एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरले आहेत. प्रत्येक गावाने आपल्या अंदाजपत्रकातील आकडे त्या जागी घालावेत.

समजा, जुन्या लाकडी नावेच्या मोठ्या दुरुस्तीस १,२०,००० रुपये लागतात, त्यानंतर ती ४ वर्षे चालेल आणि दरवर्षी देखभालीस २०,००० रुपये येतील. दुरुस्तीचा वार्षिक भार ३०,००० रुपये व देखभाल २०,००० रुपये मिळून वर्षाचा खर्च ५०,००० रुपये होतो. नवी फायबरची नाव ४,५०,००० रुपयांना मिळते, १५ वर्षे टिकते आणि तिची देखभाल वर्षाला ८,००० रुपये आहे असे धरले, तर वार्षिक खर्च ३०,००० अधिक ८,००० म्हणजे ३८,००० रुपये येतो. गाठीला पैसा असेल, तर नवी नाव स्वस्त ठरते.

आता हाच पैसा दर साल १० टक्के व्याजाने कर्जाऊ घेतला आणि नावेच्या आयुष्यभर समान हप्त्यांनी फेडला असे समजू. सरासरी शिल्लक कर्ज मूळ रकमेच्या निम्मे धरल्यास दुरुस्तीवर वर्षाला ६,००० रुपये आणि नव्या नावेवर २२,५०० रुपये व्याज पडते. जुनी नाव ५६,००० रुपयांत पडते आणि नवी ६०,५०० रुपयांत. पारडे फिरते. परंतु नव्या नावेला ४० टक्के अर्थसाहाय्य मिळाले, तर कर्ज २,७०,००० रुपयांचेच राहते. वार्षिक भार १८,०००, व्याज १३,५०० आणि देखभाल ८,००० मिळून ३९,५०० रुपये होतात. पारडे पुन्हा नव्या नावेकडे झुकते.

या आकडेमोडीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, निर्णय केवळ नावेच्या स्थितीवर अवलंबून नसतो. पैसा कोठून येणार, यावरही तो अवलंबून असतो. म्हणून योजनांची चौकशी अगोदर आणि निर्णय नंतर, हा क्रम पाळावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छिमारांच्या जुन्या नौकांच्या जागी नव्या नौका व जाळी देण्याची तरतूद करण्यात आली. सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांसाठी ६० टक्के असे अर्थसाहाय्याचे प्रमाण ठेवण्यात आले. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेल्या अटी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात समजून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दुरुस्तीनंतर नाव ४ वर्षांऐवजी २ वर्षेच चालली, तर वरच्याच उदाहरणात कर्जासह तिचा वार्षिक खर्च ५६,००० वरून ८६,००० रुपयांवर जातो. म्हणजे सारा हिशेब ‘दुरुस्तीनंतर किती वर्षे’ या एका अंदाजावर उभा आहे आणि हा अंदाज तळाची फळी ठोकून पाहिल्याखेरीज करता येत नाही. कागदावरची आकडेमोड आणि चिखलात उभे राहून केलेली तपासणी ही एकाच कामाची दोन अंगे आहेत.

फायबर की लाकूड ?

नवी नाव घ्यावयाची म्हटली की, आज बहुधा काचतंतूंच्या, म्हणजे फायबरच्या नावेचा विचार होतो. ती कुजत नाही, तिला टेरेडो लागत नाही आणि वजनाने हलकी असल्याने इंधनाची बचत होते. तथापि तिच्याही मर्यादा आहेत. उन्हाने तिचा वरचा थर निस्तेज होऊन भेगाळतो. त्या थराला पडलेल्या चिरांतून पाणी शिरले, तर आतील तंतू सुटू लागतात. खडकावर वा खांबावर आपटल्यास आतला पापुद्रा सुटूनही बाहेरून केवळ ओरखडा दिसतो. तिची दुरुस्ती कोरड्या हवेत, योग्य प्रमाणात रसायने मिसळून करावी लागते. लाकडी नावेचे पुष्कळसे काम गावातील सुतार आपल्या हत्यारांनी करू शकतो. ही सोय आणि तो कसब गावात टिकणे, यालाही मोल आहे.

जुन्या लाकडी नावेवर फायबरचा थर चढवून घेण्याचा मधला मार्ग अलीकडे लोकप्रिय आहे. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाचे स्वस्त लाकूड रसायनांनी संस्कारित करून त्यावर फायबरचे आवरण देण्याचे यशस्वी प्रयोग केले आहेत. परंतु त्या प्रयोगांतील लाकूड सुकवलेले व संस्कारित होते, ही बाब विसरता कामा नये. ओल्या, कुजू लागलेल्या फळीवर असा थर दिला, तर ओलावा आत कोंडला जातो. कुज चालूच राहते. फक्त ती दिसेनाशी होते. निरोगी आणि पूर्ण सुकलेल्या लाकडावर हे आवरण उपकारक आहे. आजारी लाकडावर ते दोष झाकणारे पांघरूण ठरते.

वापर बदलला की निकष बदलतो

मासळीची किंवा रेतीची जुनी नाव डागडुजी करून प्रवासी वा पर्यटक वाहतुकीस लावण्याचा विचार काही ठिकाणी पुढे येतो. येथे विशेष सावधगिरी हवी. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची नौका उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. मूळची मासेमारीची नौका बदल करून पर्यटनासाठी वापरात आणली गेली होती, ही बाब त्यानंतर प्रकर्षाने चर्चेत आली. मासळीचे ओझे तळाशी असते आणि स्थिर राहते. माणसे उंचावर बसतात, उभी राहतात आणि एका बाजूला धावतात. नावेवर छत वा मजला चढवला, जड इंजिन बसवले, तर तिचा तोल बदलतो. फळ्या कितीही नव्या असल्या, तरी हा दोष दूर होत नाही.

नवी नाव म्हणजे सुरक्षित नाव, असेही मानण्याचे कारण नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. ही बोट १९३६ मध्ये बांधलेली होती. म्हणजे ती जीर्ण नव्हती. हवामानाचा अंदाज, प्रवाशांची संख्या, जीवरक्षक साधने आणि तांडेलाचा अधिकार या गोष्टींना नावेच्या वयाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व आहे. नाव पाण्यात लोटू नये असे तांडेलाने सांगितले, तर ते सरपंचानेही मानले पाहिजे.

अंतर्देशीय जलवाहतुकीसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याऐवजी संसदेने २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान अधिनियम संमत केला. यांत्रिक नौकांची नोंदणी व सुरक्षिततेची पाहणी यांची व्यवस्था त्यात आहे. महाराष्ट्रात लहान बंदरे व जलवाहतूक यांचे काम १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. दुरुस्तीत नावेचा आकार, इंजिन वा वापर बदलणार असेल, तर काम सुरू करण्यापूर्वीच मंडळाच्या अधिकाऱ्यांशी विचारविनिमय करावा. काम पूर्ण झाल्यावर आलेली हरकत दुप्पट खर्चाची ठरते.

उद्याची खाडी

खारबावच्या संदर्भात आणखी एक प्रश्न विचारात घ्यावा लागतो. ही नाव आणखी किती वर्षे कोणत्या कामासाठी लागणार आहे ? २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसईची खाडी आणि उल्हास नदी यांना राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ असा दर्जा दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर दरम्यान वाहनांसह प्रवासी नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. दुसरीकडे, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या नियोजनात कासारवडवली-खारबाव आणि गायमुख-पायेगाव या खाडीपुलांचा समावेश करण्यात आला आहे. पूल झाले की, काठाकाठाची ये-जा रस्त्याने होऊ लागेल. जलमार्गाचा विकास झाला, तर मोठ्या व वेगवान नौकांची रहदारी वाढेल.

ज्या नावेचे काम पुलामुळे काही वर्षांत संपण्याची शक्यता आहे, तिच्या जागी पंधरा वर्षे टिकणारी नवी नाव कर्ज काढून घेणे शहाणपणाचे नाही. तेथे मर्यादित दुरुस्ती करून दिवस काढणे योग्य ठरेल. अर्थात सांगाडा शाबूत असला तरच. मासेमारीचे मात्र तसे नाही. पूल झाला तरी जाळे पाण्यातच टाकावे लागते. तेव्हा मासेमारी नावेचा विचार दीर्घ मुदतीचा असावा. एकाच गावातील दोन सारख्या नावांबाबत दोन भिन्न निर्णय बरोबर असू शकतात, ते याच कारणाने.

भावनेचे मोल

नाव ही केवळ वस्तू नसते. नारळी पौर्णिमेला जिची पूजा होते, वडिलांच्या हातची म्हणून जिच्याकडे पाहिले जाते, ती मोडीत काढताना घरातल्यांचा जीव तुटतो. या भावनेचा आदर राखूनच निर्णय व्हावा. मात्र जतन करणे आणि वापरात ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणीकारांनी मलबारी सागापासून बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे १९९० पासून सुमारे दहा वर्षे त्याचे पुनरुज्जीवन चालले आणि आजही ते तेथे तरंगत्या संग्रहालयाच्या रूपात उभे आहे. त्याचा सांगाडा टिकाऊ होता आणि त्याच्यासाठी अखंड निधी व कुशल हात उपलब्ध झाले. याउलट भारतीय नौदलाची ‘विक्रांत’ ही १९६१ मध्ये दाखल झालेली विमानवाहू नौका १९९७ मध्ये सेवामुक्त झाली. मुंबईत ती काही काळ संग्रहालय म्हणून होती. परंतु २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ते बंद झाले आणि २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडण्यास आरंभ झाला. तिच्याविषयी जनतेला ममत्व होते, न्यायालयापर्यंत दाद मागण्यात आली होती. तरीही देखभालीचा भार पेलणारी कायमची व्यवस्था उभी राहिली नाही. ममत्वाला निधी आणि देखभालीची जोड नसेल तर जतन होत नाही, हा बोध गावच्या नावेलाही लागू पडतो. एखादी नाव शाळेच्या आवारात छपराखाली ठेवून तिचे भाग व त्यांची नावे मुलांना समजावून सांगता येतील. शिक्षकांनी मनावर घेतल्यास पठाण, वाक, नाळ, वरांडी हे शब्द पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतील.

निर्णयाची पद्धत

संस्थेच्या वा पंचायतीच्या नावेबाबत पुढील पद्धत उपयुक्त ठरेल. प्रत्येक नावेची एक नोंदवही ठेवावी व तीत दुरुस्तीची तारीख, खर्च, बदललेली फळी आणि नाव बंद राहिलेले दिवस लिहावेत. तीन वर्षांची अशी नोंद कोणत्याही तर्कापेक्षा अधिक बोलकी असते. तपासणी करणारा सुतार आणि दुरुस्तीचे काम घेणारा सुतार शक्यतो वेगळे असावेत. दुरुस्तीचे किमान दोन अंदाज घ्यावेत आणि फळ्या उघडल्यानंतर निघणाऱ्या जादा कामासाठी काही रक्कम अगोदरच बाजूला ठेवावी. नाव चालवणारे तांडेल व खलाशी आणि तिच्यावर ज्यांचा रोजगार अवलंबून आहे त्या मासळी विक्रेत्या महिला, यांचे म्हणणे ऐकूनच ठराव करावा.

वेळेचेही भान हवे. उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत तपासणी उरकली, तर पावसाळ्यापूर्वी निर्णय होऊन नारळी पौर्णिमेपर्यंत काम पुरे करता येते. तपासणीच श्रावणात झाली, तर हंगाम गाठण्याच्या घाईत निर्णय पुन्हा सुताराच्या हाती जातो.

नाव मोडीत काढावयाची ठरली, तर ती खाडीत किंवा कांदळवनात टाकून देऊ नये. चिखलात रुतलेला सांगाडा इतर नावांना धोका ठरतो व खारफुटीचे नुकसान करतो. सागाच्या चांगल्या फळ्या, तांब्याचे खिळे, सुकाणू, नांगर आणि वल्ही काढून घेतल्यास त्यांचा पुनर्वापर होतो किंवा त्यांना बाजारभाव मिळतो. ती रक्कम नव्या नावेच्या हिशेबात जमा धरावी. फायबरची नाव कुजून मातीला मिळत नाही. म्हणून ती घेतानाच, पंधरा-वीस वर्षांनी तिची विल्हेवाट कोण व कशी लावणार, याचा विचार संस्थेने करून ठेवावा.

दुरुस्ती श्रेष्ठ की नवी खरेदी श्रेष्ठ, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. पठाण शाबूत आहे काय, दुरुस्तीनंतर किती वर्षे मिळतील, वर्षाला खर्च किती पडेल, वापर तोच राहणार आहे काय आणि ती गरज पुढेही टिकणार आहे काय, या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे त्या त्या नावेपुरते उत्तर आपोआप पुढे येते. खाडीच्या पाण्यावर माणसांचा आणि त्यांच्या संसाराचा भार वाहणाऱ्या साधनाबाबत ही पाच उत्तरे ग्रामसभेपुढे लेखी ठेवली जावीत. हा आग्रह प्रत्येक पंचायत सदस्याने धरला, तर नावेवर खर्च होणारा पैसा कारणी लागेल आणि तिच्यात बसणारा प्रत्येक जण निर्धास्तपणे पैलतीर गाठील.